वाद्यवृंदातल्या गिटारसाठी कोरस पेडल : प्रकल्प नोंदी

९ जून

मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात वाजणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारसाठी एकच कोरस पेडल (गिटारचा आवाज दाट, डोलता करणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) ठरवायचं आहे. कार्यक्रम दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन अशा नाट्यगृहांत आणि गणपतीत मंडळांच्या स्टेजवर. गिटार तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारी चुंबकी कॉइल). स्टेजवर अँप असलाच तर तो वाजवणाऱ्यापुरता. प्रेक्षकाला ऐकू येते ती डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी डबी) मिक्सरच्या एका चॅनलवर गेलेली गिटार, म्हणजे मोनो.

सगळी निवड या मोनोवर उभी आहे. पेडलचे बहुतेक नमुने हेडफोनवर, स्टिरिओत ऐकवले जातात. डावीकडून उजवीकडे पसरणारा तो आवाज कानाला फार गोड लागतो आणि नाट्यगृहात त्यातलं काहीच उरत नाही. त्यामुळे स्टिरिओला या निवडीत गुण नाहीत. स्टिरिओची सोय असली तरी हरकत नाही, पण तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत.

बाकीच्या अटी: ९ व्होल्ट, मध्य-निगेटिव्ह अडॅप्टरवर चालावं, बंद असताना लांब केबलमुळे आवाज बोदा होऊ नये, आणि अंधारात, दोन गाण्यांच्या मधे, एका हाताने सेटिंग बदलता यावं.

११ जून

दुकानात जाण्याआधी कागदावरचं गणित. मूळ सूर आणि त्याचीच काही मिलिसेकंद उशिरा येणारी नक्कल एकत्र केली की कोरस होतो. उशीर साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांचा, आणि एक संथ लहर तो सतत कमीजास्त करत राहते. या लहरीला एलएफओ म्हणतात. रेटचा नॉब तिचा वेग ठरवतो, डेप्थचा नॉब तिचा आवाका.

मूळ आणि नक्कल एकाच वायरीत मिसळले की काही कंपनसंख्या एकमेकींना खाऊन टाकतात. पहिला खड्डा १ भागिले उशिराच्या दुप्पट इथे पडतो, पुढचे त्याच्या ३, ५, ७ पटीला. १० मिलिसेकंद उशिराला खड्डे ५०, १५०, २५० हर्ट्झवर येतात. लहर चालू असल्यामुळे हे खड्डे सरकत राहतात, आणि त्या सरकण्यातूनच कोरसची चमक येते.

आता खालची ई तार घ्या. तिचा मूळ सूर ८२.४ हर्ट्झ. उशीर ६.०७ मिलिसेकंदांवर आला की पहिला खड्डा नेमका तिथे पडतो, १८.२ मिलिसेकंदांवर दुसरा खड्डा त्याच जागी येतो. म्हणजे लहरीच्या प्रत्येक फेरीत खर्जाचा सूर पोकळ होतो आणि परत भरतो. ए तारेचं, ११० हर्ट्झचं, तसंच होतं ४.५ आणि १३.६ मिलिसेकंदांच्या आसपास. हेडफोनवर हे लपतं. मोठ्या स्पीकरवर, शेजारी बेस गिटार नसताना, खालच्या तारा कुणीतरी फेडर वरखाली करतंय अशा वाटतात.

उपाय दोन. एक, नक्कल मूळ सुराइतकी मोठी ठेवायची नाही. दोन्ही समान असतील तर खड्डा तळाला जातो. नक्कल निम्मी, म्हणजे ६ डीबी (डेसिबल) खाली, ठेवली तर खड्डा ६ डीबीचा आणि उंचवटा साडेतीन डीबीचा. १० डीबी खाली ठेवली तर खड्डा ३.३ डीबी, उंचवटा २.४ डीबी: चमक राहते, खर्ज टिकतो. दोन, नकलेतून खालचे सूर कापायचे. सुमारे २०० हर्ट्झच्या खाली नक्कलच नसेल तर तिथे खड्डा पडायचा प्रश्नच नाही.

यातून यादी गाळायची चाळणी मिळाली: इफेक्ट लेव्हलचा, म्हणजे नक्कल किती मोठी हे ठरवणारा नॉब आणि नकलेवर लो-कट, म्हणजे खालचे सूर कापायची सोय. रंगरूप, नाव, कुणी वापरलं होतं हे सगळं नंतर.

१३ जून

सूर किती हलतो याचा हिशेब. लहर साइन आकाराची असेल तर सुरातला जास्तीत जास्त फरक = २ × ३.१४ × रेट × उशिराचा एका बाजूचा झोल. रेट १ हर्ट्झ, झोल २ मिलिसेकंद: फरक १.२६ टक्के, म्हणजे सुमारे २१.६ सेंट (एका अर्धस्वराचे १०० सेंट). प्रमाण श्रुती, ८१/८०, ही २१.५ सेंटची. म्हणजे अगदी साध्या सेटिंगवरही नक्कल एक श्रुती वर, एक श्रुती खाली जाऊन येते. गायकाच्या मागे वाजवताना हे कायम ध्यानात हवं.

रेट आणि डेप्थ यांचा गुणाकार होतो. तोच झोल ठेवून रेट ३ हर्ट्झ केला की फरक ६४ सेंटच्या घरात, अर्धस्वराच्या जवळजवळ दोन तृतीयांश. ‘कोरस लावला की गिटार बेसूर होते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. रेट वाढवला की डेप्थ त्याच प्रमाणात उतरवायची. काही पेडलांत हा समतोल आतल्या सर्किटनेच थोडाफार साधलेला असतो, काहींत अजिबात नाही. प्रत्येक पेडलवर तपासायचं.

लहर त्रिकोणी असेल तर तेवढ्याच झोलाला फरक कमी, १ हर्ट्झ आणि २ मिलिसेकंदांना सुमारे १४ सेंट. पण तो अर्धी फेरी वर आणि अर्धी फेरी खाली असा ठाम राहतो. कानाला साइन डोलल्यासारखी लागते, त्रिकोणी एकसारखी दाट.

१६ जून

यादी. मागचा धागा आधी नोंदवतो, कारण नावांचा गोंधळ फार आहे. रोलँडचा जेसी-१२० अँप १९७५चा. त्यातला कोरस वेगळा काढून बॉसने १९७६ला सीई-१ काढलं, मोठ्या पेटीचं, थेट घरच्या विजेवर चालणारं. १९७९ला लहान सीई-२ आलं: मोनो, रेट आणि डेप्थ हे दोनच नॉब. आज ‘ऐंशीच्या दशकातला कोरस’ म्हणून जो आवाज लोक मागतात त्यातला मोठा भाग या सीई-२च्या घराण्यातला आहे.

तपासायची पेडलं:

बॉस सीई-२डब्ल्यू. सीई-२चा आवाज आणि सीई-१चे कोरस आणि व्हायब्रॅटो असे तीन मोड. नॉब मात्र रेट आणि डेप्थच. इफेक्ट लेव्हल नाही, लो-कट नाही.

बॉस सीएच-१. ई. लेव्हल (इफेक्ट लेव्हल), ईक्यू (टोन), रेट, डेप्थ.

बॉस सीई-५. ई. लेव्हल, रेट, डेप्थ, आणि एकावर एक बसवलेला दुहेरी फिल्टर नॉब, लो आणि हाय वेगळे.

एमएक्सआर अ‍ॅनालॉग कोरस, एम२३४. लेव्हल, रेट, डेप्थ, आणि लो आणि हायचे दोन छोटे नॉब.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्स स्मॉल क्लोन. रेटचा एक नॉब, डेप्थचा दोन टप्प्यांचा खटका. बस.

टीसी इलेक्ट्रॉनिक कोरोना. डिजिटल. स्पीड, डेप्थ, टोन, एफएक्स लेव्हल, आणि तीन जागांचा खटका. त्यातली एक जागा फोनवरून पिकअपमधून पाठवलेल्या टोनप्रिंटसाठी, म्हणजे कंपनीच्या तयार सेटिंगसाठी.

२० जून

चाचणीची मांडणी. प्रत्येक पेडलवर नव्याने वाजवून तुलना करत नाही. हात प्रत्येक वेळी वेगळा पडतो. गिटार थेट ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरवर आवाज घेणारी पेटी) हाय-झी, म्हणजे गिटारसाठीच्या इनपुटला लावून चार तुकडे कोरे रेकॉर्ड केले: मोकळ्या तारांचा ई मायनर आर्पेजिओ, खालच्या दोन तारांवर तळव्याने दाबून वाजवलेली लय, सातव्या ते बाराव्या पडद्यावरचे वरचे कॉर्ड, आणि ओव्हरड्राइव्हमधून (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) पॉवर कॉर्ड.

हे तुकडे पेडलमध्ये परत पाठवताना इंटरफेसचा लाइन आऊटपुट सरळ लावायचा नाही. पातळी गिटारपेक्षा बरीच जास्त असते आणि ९ व्होल्टवरचं अ‍ॅनालॉग पेडल त्यावर फाटतं. मग दोष पेडलचा वाटतो. १० किलोओहम ओळीत आणि १ किलोओहम ग्राउंडला असा पातळी उतरवणारा पॅड बनवला: पातळी जवळजवळ २१ डीबी उतरते. बॅलन्स्ड आऊटपुटची टिप आणि ग्राउंड घेतले, रिंग मोकळी सोडली. नंतर एकच कॉर्ड गिटारने आणि रेकॉर्डिंगमधून वाजवून मीटरवर दोन्ही शिखरं जुळवली. या पॅडमध्ये पिकअपची प्रेरकता येत नाही, म्हणून शेवटची परीक्षा गिटार थेट लावूनच.

आवाजाची पातळी जुळवणं सगळ्यात महत्त्वाचं. जे अर्धा-एक डीबी मोठं असतं ते कानाला ‘चांगलं’ वाटतं. कोरससाठी १ किलोहर्ट्झचा साइन सूर वापरून पातळी जुळत नाही, कारण सरकते खड्डे त्या एका सुरावरून गेले की मीटर नाचतं. पेडलमधून पिंक नॉइज (सगळ्या कंपनसंख्या असलेला खळखळाट) पाठवून २० सेकंदांची सरासरी घेतली. रेट अर्धा हर्ट्झ असला तरी त्यात दहा फेऱ्या येतात आणि आकडा स्थिर होतो. अर्ध्या डीबीच्या आत जुळवूनच पुढे गेलो.

रेट मोजायला स्टॉपवॉच पुरतं: दहा डोल मोजायचे आणि भागायचं. नॉबवरच्या एक ते दहा आकड्यांना दोन पेडलांमध्ये काहीही संबंध नसतो.

२५ जून

मोनोत ऐकलेलं. सहाही पेडलं फक्त मुख्य आऊटपुटमधून, एका स्पीकरवर, रेट ०.६ हर्ट्झच्या आसपास.

स्मॉल क्लोन पहिल्या कॉर्डलाच मन जिंकतं. जाड, पाणीदार, आणि खटका वरच्या जागी नेला की सूर खरोखर वाकतो. एकट्या गिटारला, तीनच वाद्यांच्या बँडला फार छान. पण नक्कल कमी करायची सोय नाही, आणि दाबून वाजवलेल्या खालच्या तारांचा तुकडा त्यातून वाजवला की ११ जूनच्या नोंदीतलं पोकळपण स्पष्ट ऐकू येतं. वाद्यवृंदात नाही चालणार.

सीई-२डब्ल्यू या सगळ्यांत सगळ्यात सुंदर. वरचे कॉर्ड काचेसारखे सुटे, कुठेही कर्कश नाही. सीई-१ मोडमध्ये मधला पट्टा भरतो. हे पेडल बाजूला ठेवताना खरंच वाईट वाटतं. पण अडचण तीच: मिश्रण हातात नाही. डेप्थ उतरवून डोल कमी होतो, खड्ड्याची खोली कमी होत नाही. ज्यांना स्टुडिओत किंवा दोन अँपवर वाजवायचं आहे त्यांनी हेच घ्यावं, दुसरं बघूही नये.

कोरोना स्वच्छ. एफएक्स लेव्हल खाली आणला की खर्ज शाबूत राहतो, टोनही कामाचा. तीन आवाजांचा ट्रायकोरस मोनोत गर्दी करतो. पेटी आणि कीबोर्ड वाजत असताना त्याला जागा नाही. टोनप्रिंट घरी बसून करायची गोष्ट आहे.

सीएच-१ कोरड्या सुराच्या सर्वांत जवळ राहतं. ई. लेव्हल ९ वाजता, डेप्थ १२ वाजता ठेवली की कोरस चालू आहे हे तो बंद केल्यावरच कळतं, आणि साथीला हे फार मोलाचं आहे. ईक्यू डावीकडे ठेवावा लागला, नाहीतर वरची चकाकी झांजेवर चढते.

एम२३४ आणि सीई-५ या दोघांनीच खालच्या तारांची परीक्षा पूर्ण पार केली. दोघांतही लो कमी केल्यावर ई तार हलायची थांबली आणि वरच्या तारांवरची झळाळी तशीच राहिली. एम२३४ उबदार, हाय उतरवला तर जवळजवळ मखमली. सीई-५ जास्त सरळ, थोडं पांढरं.

स्टिरिओ पेडल मोनोत आणताना एक सापळा आहे, तो इथेच लिहून ठेवतो. काही पेडलं एका बाजूला मूळ अधिक नक्कल आणि दुसऱ्या बाजूला मूळ उणे नक्कल देतात. साऊंडवाल्याने दोन्ही चॅनल मधोमध पॅन केले की अधिक आणि उणे एकमेकांना मारतात, उरतो तो कोरा सूर. कोरस गायब. काही पेडलं एका बाजूला कोरा सूर आणि दुसऱ्या बाजूला नक्कल देतात. ते मिसळले तर मोनो कोरस मिळतो. आपलं पेडल कुठल्या जातीचं ते ओळखायला दोन्ही आऊटपुट मिक्सरवर समान ठेवून मधोमध आणायचे. डोल नाहीसा झाला तर पहिली जात. स्टेजवर सरळ एकच मुख्य आऊटपुट वापरायचा आणि वाद संपवायचा.

२८ जून

पेटीसोबत. डबल रीडच्या पेटीत एकाच स्वराच्या दोन पट्ट्यांमध्ये आधीच बारीक फरक असतो, म्हणून तिचा सूर स्वतःच हळू स्पंदतो. त्यावर २० सेंट हलणारी गिटार त्याच सप्तकात आली की दोन वेगळ्या चालींचे डोल एकमेकांवर पडतात आणि गायक आधार कुठे घ्यायचा या पेचात. काळी दोनमध्ये भावगीत वाजवून पाहिलं: रेट ०.५ हर्ट्झ, झोल अंदाजे १ मिलिसेकंद, म्हणजे फरक पाच-सहा सेंट, इतकं सहज खपतं. १० सेंटपर्यंत गिटारने पेटीच्या वरच्या सप्तकात राहावं. त्याच्या पुढे गेलं तर पेटी थांबलेली असतानाच, मुखडा आणि अंतरा यांच्यामधल्या म्युझिकमध्ये.

कीबोर्डवाल्याच्या स्ट्रिंग्ज पॅडमध्ये (मागे लांब धरलेले सूर) बहुधा कोरस आधीच घातलेला असतो. दोघांपैकी एकाने बंद करावा. पॅड लांब चालतो म्हणून तो ठेवायचा, गिटार कोरी. आणि गिटारचा आर्पेजिओ पुढे असेल तेव्हा उलट.

लावणीत आणि कोळीगीतात ढोलकीच्या चाटीवर गिटारचा कट हवा असतो. तिथे कोरस पूर्ण बंद.

२ जुलै

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः बनवायचा पर्याय तपासला. सर्किट अवघड नाही: एक बकेट ब्रिगेड चिप, म्हणजे सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारी बीबीडी, तिचा क्लॉक, दोन ऑपअँप, एलएफओ. एमएन३२०७मध्ये १०२४ टप्पे; उशीर = १०२४ भागिले क्लॉकच्या दुप्पट. ४० किलोहर्ट्झला १२.८ मिलिसेकंद. सोबत क्लॉकसाठी एमएन३१०२. जुन्या सीई-२मध्ये एमएन३००७ आणि एमएन३१०१ अशी जोडी आहे. दोन्ही जोड्यांची अदलाबदल चालत नाही, कारण पुरवठ्याची दिशाच उलटी आहे.

बिघडतं कुठे, तर चार ठिकाणी. एमएन३२०७ला १० व्होल्टच्या वर सहन होत नाही; स्वस्त अनरेग्युलेटेड अडॅप्टर रिकामा असताना १२-१३ व्होल्ट देतो आणि चिप जाते. रेग्युलेटर लावताना ७८एल०८ घेऊ नका, ९ व्होल्टवर त्याला श्वास घ्यायला जागा नाही, आत आणि बाहेर दीड-दोन व्होल्टांचा फरक लागतो. ७८एल०५ घ्या, ही चिप ५ व्होल्टवर नीट चालते. दुसरं, बायस. ४०० हर्ट्झचा सूर देऊन पातळी वाढवायची आणि ट्रिमर असा फिरवायचा की वरचं आणि खालचं टोक एकाच वेळी कापलं जाईल. बायस चुकला की आवाज थुंकल्यासारखा येतो किंवा येतच नाही. तिसरं, फिल्टर. क्लॉक खाली जातो तेव्हा त्याच्या निम्म्याच्या बऱ्याच खाली सिग्नल कापलेला हवा, नाहीतर वरच्या सुरांवर परकी शिट्टी येते. ६ किलोहर्ट्झच्या आसपास तीन टप्प्यांचा फिल्टर पुरतो. चौथं, चिपच खोटी. मूळ छापाची जुनी चिप म्हणून नवा छाप मारलेली दुसरीच चिप हातात येऊ शकते. सॉकेट लावा, थेट झाळू नका. आजच्या उत्पादनातली व्ही३२०७ किंवा बीएल३२०७ उघडपणे मागून घेणं जास्त सुरक्षित.

निर्णय: सरावाच्या खोलीसाठी जरूर बनवावं, शिकायला याहून चांगलं सर्किट नाही. स्टेजसाठी नाही. कार्यक्रमाच्या दिवशी पेडल मेलं तर दुसरं तसंच पेडल बाजारात मिळायला हवं.

७ जुलै

वीज. कोरसचा जो आजार अडॅप्टरमुळे होतो तो टिकटिक. एलएफओ चाल बदलतो त्या क्षणी करंट उसळतो आणि एकाच साखळीवर असलेल्या ओव्हरड्राइव्हमधून तो ऐकू येतो. तपासणी सोपी: गिटारचा व्हॉल्यूम शून्य, ओव्हरड्राइव्ह चालू, कोरस चालू, मिक्सरचा गेन वर. रेट फिरवल्यावर टिकटिकेचा वेग बदलला तर चोर सापडला. यादीतल्या एका पेडलमध्ये डेझी चेनवर (एकाच अडॅप्टरवर सगळी पेडलं) टिकटिक ठळक होती. तेच पेडल बॅटरीवर निमूट.

उपाय: आयसोलेटेड आऊटपुटचा पॉवर सप्लाय, कोरसला स्वतंत्र तोंड. ते शक्य नसेल तर पुरवठ्याच्या ओळीत २२ ओहम आणि त्याच्यापुढे ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा. २० मिलिअँपिअरला अर्ध्या व्होल्टहून कमी पडतो. सरसकट सांगितला जाणारा १०० ओहम लावू नका: त्याच करंटला २ व्होल्ट खातो आणि पेडल ७ व्होल्टवर गुदमरतं. डिजिटल पेडलला तर हा फिल्टर नकोच, ते ५० ते १०० मिलिअँपिअर सहज ओढतं. त्याला वेगळं तोंडच द्या.

कोरस आणि अ‍ॅनालॉग डिले एकाच साखळीवर असतील तर दोन्ही क्लॉकच्या फरकाची बारीक, वरखाली जाणारी शिट्टी येते. औषध तेच.

मंडळाच्या स्टेजवर जनरेटर आणि अर्थिंगचा भरवसा नसतो. हम आला तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबायचा. अँपच्या प्लगची तिसरी पिन काढणं हा उपाय नाही. तारेला लागलेला हात आणि माइकला लागलेले ओठ यांच्यामधे मग २३० व्होल्ट येऊ शकतात.

१२ जुलै

साखळीतली जागा: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, डीआय. कोरस ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला तर ड्राइव्ह मूळ आणि नक्कल यांना एकत्र चिरडतो आणि डोल दबून फेझरसारखा घसरणारा आवाज उरतो. तो हवा असेल तेव्हाच तसं.

लांब केबल. साधारण केबलची धारकता मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. २.५ हेन्रीच्या पिकअपला एकूण ७०० पिकोफॅरड लागले की उठावाचं टोक (जिथे पिकअप सर्वांत जास्त वाजतो ती कंपनसंख्या) ३.८ किलोहर्ट्झवर, १३०० झाले की २.८वर. म्हणजे सगळी पेडलं ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ वायरीतून पुढे सोडणारी, असतील तर नाट्यगृहात स्टेज बॉक्सपर्यंतची लांब ओढ गिटारचा तजेला खाते. साखळीत एक तरी बफर (लांब केबल पेलू शकेल असा सिग्नल करणारं सर्किट) हवा. बॉसच्या कॉम्पॅक्ट पेडलांत तो असतोच.

१९ जुलै

निवड: बॉस सीई-५. लो फिल्टर, ई. लेव्हल आणि बफर, तिन्ही एकाच डब्यात. एम२३४ आवाजाला अधिक गोड आहे हे खरं, पण त्याचे लो-हायचे नॉब बारीक आहेत. आणि डीआयमधून आल्यावर, झांज, पेटी आणि कोरसगायकांच्या गर्दीत सीई-५चा सरळपणा पुढे येतो. एम२३४ला दुसरी पसंती. स्टेजवर गिटार अँपला माइक लावून घेतली जात असेल तर पहिली.

जुनं सीई-५ घेणाऱ्यांसाठी: १९९१ला आलेलं हे पेडल सुरुवातीला अ‍ॅनालॉग होतं, पुढे आतून डिजिटल झालं. वरून नाव तेच. फक्त ‘जुनं म्हणजे अ‍ॅनालॉग’ या शब्दावर जास्त पैसे देऊ नका, खालचं झाकण उघडून सर्किट बघा.

जुनं सीई-२ मिळत असेल तर त्याच्या अडॅप्टरचं लेबल वाचा. एसीए लिहिलं असेल तर ते जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी बनलेलं आहे. आजच्या रेग्युलेटेड ९ व्होल्टवर एकटं लावलं तर दिवा मंद आणि आवाज अशक्त. पेडल मेलेलं नसतं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा, ठीक वाजलं तर ठीक आहे.

वापरलेलं पेडल हातात घेतल्यावर: सगळे नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून करकर ऐका. मुंबईच्या पावसात पॉट आणि जॅक आधी जातात. जॅकमध्ये प्लग घालून हलवा. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट चूर्ण आहे का पाहा. डेप्थ शून्यावर ठेवून चालू-बंद करा. पातळीत उडी असेल तर ती ई. लेव्हलने भरून निघते का ते तपासा.

२६ जुलै

सेटिंग, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. साथीचा आर्पेजिओ: ई. लेव्हल १०, रेट ९, डेप्थ ११. लो असा की खालची ई तार स्थिर वाटेल, हाय १२च्या थोडा आत. ऐंशीच्या दशकाच्या ढंगाचं पुढे येणारं म्युझिक: ई. लेव्हल १, रेट १०, डेप्थ १, लो तसाच. एवढी दोनच. तिसरं सेटिंग स्टेजवर कुणी शोधत बसत नाही.

दुहेरी नॉबची आतली कळ फिरवताना बाहेरची कडी सोबत सरकते. लोची जागा एकदा ठरली की कडीवर आणि पेडलच्या अंगावर मिळून पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा: खूण दिसते आणि कडी जागची हलत नाही. दोन्ही सेटिंगच्या जागा नेलपॉलिशच्या ठिपक्यांनी. एकाला लाल, एकाला पांढरा.

पावसाळ्यात पेडलबोर्डच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत. जॅकवर कॉन्टॅक्ट क्लीनर, मारल्यावर प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर.

३ ऑगस्ट

साऊंडचेकची नोंद, साऊंडवाल्याला द्यायच्या कागदावर जाईल. गिटार एका चॅनलवर, पेडलचा मुख्य आऊटपुट, दुसरा रिकामा. चॅनलचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) १०० हर्ट्झ. मिक्सरवरचा स्टिरिओ वाइडनर किंवा कोरस गिटारवर नको. हॉलच्या रिव्हर्बमध्ये गिटार टाकायची असेल तर पेडलवरचा ई. लेव्हल एक तास मागे आणावा. रिव्हर्ब नकलेलाच जास्त पसरवतो.

तपासणी मागच्या रांगेत उभं राहून: खालची ई तार एकसारखी वाजवत राहायची, कोरस चालू. आवाज फुगून बसत असेल तर प्रथम लो आणखी कापा, मग ई. लेव्हल उतरवा. डेप्थला शेवटी हात लावा. त्यानंतर पेटीवर षड्ज धरायचा, गिटारने तोच सूर वरच्या सप्तकात, आणि गायकाला विचारायचं. गायक म्हणाला सूर हलतोय, तर हलतोय. रेट ८ वाजता आणून पुन्हा.